‘काळी चार’मधली माझी दहा बोटं

मी एका मराठी सिनेमात काम केलं आहे. सिनेमाचं नाव ‘काळी चार’. तो तुम्ही पाहिला असला तरी मी तुम्हाला आठवणार नाही, कारण माझा चेहरा त्यात नाही. आवाज नाही, पाठ नाही. सावली एकदा पडली होती, पण कॅमेरामनच्या लक्षात आल्यावर त्यानं दिवा सरकवून ती घालवली. त्या सिनेमात माझी फक्त बोटं आहेत. दहा. अंगठे धरून.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा जानेवारी महिना होता. मी कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होतो. कचेरीचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी माझं काही वाईट केलं नाही, आणि जे केलं ते सगळं नियमाला धरून केलं. एका दुपारी ज्ञानूदादा शिर्के नावाचे सिनेमा दिग्दर्शक आमच्या कचेरीत आले. त्यांना नदीवरच्या बंधाऱ्यावर शूटिंग करायचं होतं आणि त्याची परवानगी आमच्या साहेबांकडून हवी होती. साहेबांनी पत्र सांगितलं, मी टाइप करायला बसलो. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात ज्ञानूदादा खुर्ची सरकवून माझ्या टेबलाशी आले आणि चालत्या मशीनवरचे माझे दोन्ही हात त्यांनी मनगटाला धरून वर उचलले. सगळी कचेरी बघत होती. हातात बेड्या घालतात तेव्हा माणसाला काय वाटत असेल, हे मला त्या दिवशी कळलं.

“पेटी येती का वाजवाय?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला वाजवतो.”

“मग झालं. तीन म्हैनं हीच बोटं हुडकायलोय मी.”

ते अंबादासबुवा कोडोलीकरांच्या आयुष्यावर सिनेमा काढत होते. अंबादासबुवा म्हणजे पेटीतलं केवढं मोठं नाव. बेळगावपासून नागपूरपर्यंत नुसत्या पेटीच्या त्यांच्या मैफली व्हायच्या, आणि काळी चार ही त्यांची आवडती पट्टी. त्यांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. सिनेमात बुवांचं काम मुंबईचे नट चंद्रहास करणार होते. चंद्रहास दिसायला राजबिंडे होते, पण पेटीवर हात ठेवला की कणीक मळायला बसल्यासारखे दिसत. म्हणून बोटं वेगळी हवी होती. ज्ञानूदादांनी आधी तीन पेटीवाले बघितले होते. एकाची बोटं जाड निघाली, दुसऱ्याच्या बोटातल्या अंगठ्या साबण लावूनही निघेनात, आणि तिसरा म्हणाला, तोंड दाखवणार असाल तर बोटं देतो.

मी तोंडाची अट घातली नाही. मला वाटलं, तो विषय पुढे आपोआप निघेल.

घरी येऊन सरोजिनीला सांगितलं. सरोजिनी म्हणजे आमची सौभाग्यवती. मुलींच्या शाळेत गणित शिकवते. तिनं विळीवरून मान वर न करता विचारलं, “फक्त बोटं?”

“फक्त बोटं.”

“म्हणजे बाकीचे तुम्ही घरीच असणार. मग दळण आणायला हरकत नाही.”

गणित शिकवणाऱ्या माणसाशी बोलताना ही अडचण येते.

गल्लीनं मात्र माझी कदर केली. आमच्या शेजारी तात्यासो चौगुले राहायचे. त्यांची कागलजवळ उसाची शेती आणि स्वतःचं गुऱ्हाळ, आणि शहरात गुळाचा व्यापार. माणूस सोन्यासारखा, पण सल्ला दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. संध्याकाळी ते त्यांच्या मंडळींना, म्हणजे त्रिशलावहिनींना, घेऊनच आले. माझे हात त्यांनी उजेडात धरून बैल विकत घेताना बघतात तसे बघितले.

“जेरे,” ते म्हणाले, “आजपासनं ह्या हातानं बादली उचलायची न्हाई. कडी लावायची न्हाई. कुनाला रामराम घालायचा तरी लांबनं घालायचा.”

त्रिशलावहिनी म्हणाल्या, “आनि रातच्याला लोनी लावून झोपायचं.”

“लोणी लावून झोपलं तर मुंग्या येतील,” सरोजिनी म्हणाली.

“मग हातमोजं घालायचं की,” तात्यासो म्हणाले.

अशा रीतीनं मी लोकरीचे हातमोजे घालायला लागलो. कोल्हापुरात जानेवारीत थंडी असते, पण हातमोज्यांची नसते. कचेरीत जाताना चार लोक थांबून विचारायचे, भाजलं काय? पुढे मेकअपवाल्या गुंडूनं निरोप पाठवला की, चंद्रहासांच्या हातावर केस नाहीत, तेव्हा माझ्याही हातावर चालणार नाहीत. न्हाव्यानं कोपरापर्यंत दोन्ही हात भादरले. त्या गुरुवारी भजनाला बाह्या वर करून बसलो, तर सगळे टाळकरी एकेक वीत मागे सरकले. एकानं आरती झाल्यावर बाजूला घेऊन मिरजेच्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

खरी परीक्षा कचेरीत होती. सरकारी नोकराला बाहेरचं कोणतंही काम करायचं तर वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते. आमचे हेडक्लार्क सयाजीराव इंगवले हे नियमांचं चालतं पुस्तक. त्यांनी मला समोर बसवून अर्ज भरून घेतला. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात मी ‘अभिनय’ लिहिलं. ते त्यांनी खोडलं.

“अभिनय तोंडानं करतात,” ते म्हणाले. “तुमचं तोंड हाय का त्यात?”

“नाही.”

“मग ‘बोटे’ लिवा.”

अर्ज पुण्याच्या मुख्य कचेरीत गेला. आठ दिवसांत उत्तर आलं, म्हणजे प्रकरणाला महत्त्व आलं होतं. सदर कर्मचारी कोणती बोटे वापरणार आहे, आणि तीच बोटे शासकीय कामासाठीही वापरली जातात काय, याचा खुलासा मागवला होता. मी खुलासा केला: सर्व, होय. त्यावर दुसरा खुलासा आला की, खाजगी कामात बोटांची झीज झाल्यास शासकीय कामाच्या वेगावर होणाऱ्या परिणामाची जबाबदारी कोण घेणार. सयाजीरावांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि आदरानं म्हणाले, “कुनीतरी अभ्यासू मानूस बसलाय तितं.”

इकडे शूटिंगची तारीख ठरली. परवानगीची वाट बघत बसलो असतो तर चंद्रहास म्हातारे झाले असते, म्हणून मी सरळ किरकोळ रजा टाकली. सयाजीरावांनी कारण वाचलं, ‘हातातील काम’. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी सही केली.

शूटिंगला दोन दिवस राहिले होते. रविवार होता. तात्यासो म्हणाले, “चला कागलला. गुऱ्हाळ सुरू हाय. कायलीतनं रस उकळताना जी वाफ येती न्हवं, तिच्यावर हात धरा. बोटं लोन्यावानी मऊ हुत्यात.”

मी गेलो. सरोजिनीही आली, तिला ताजी काकवी हवी होती. रस उकळत होता, वास सुटला होता, आणि मी कायलीवर दोन्ही हात धरून उभा होतो. गुऱ्हाळावरची माणसं काम थांबवून बघायला लागली. तात्यासो त्यांना सांगत होते, “सिनेमातलं हात हाईत.” एका म्हातारबाबानं मला लांबून हात जोडले. मीही हात जोडले, आणि त्याच क्षणी उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला गांधीलमाशी चावली.

गुळाच्या वासानं ज्या माश्या येतात त्यांच्याबद्दल तात्यासो काही बोलले नव्हते. तासाभरात बोट एवढं झालं की, शेजारच्या दोन बोटांना जागा उरेना. ते वाकतच नव्हतं. बाकीची बोटं मिटली तरी ते आपलं वर्गातल्या हुशार मुलासारखं ताठ उभं. तात्यासोंनी चुना लावला, गुऱ्हाळावरच्या गड्यानं कांदा चोळला, घरी आल्यावर त्रिशलावहिनींनी लोणी लावलं. सरोजिनी म्हणाली, “नऊ उरली.”

मंगळवारी मी तसाच स्टुडिओत गेलो. दारातच कोणीतरी ओरडलं, “बोटं आली.” तिथं मला कोणी जेरे म्हणत नव्हतं, हे मला पाच मिनिटांत कळलं. ‘बोटांना चहा द्या’, ‘बोटं कुठं बसवायची’, ‘बोटांनी लघवीला जाऊन यावं’. सोळा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे ऐकायला लागावं, याचं मला वाईट वाटलं. पण कचेरीतही मला ‘मराठी मशीन’ म्हणत, ही गोष्ट मग आठवली.

ज्ञानूदादांनी सुजलेलं बोट बघितलं आणि डोक्याला हात लावला. स्टुडिओचं भाडं चालू होतं, चंद्रहासांच्या तारखा तीनच होत्या. गुंडूनं बोटावर पावडर, मग रंग, मग पुन्हा पावडर लावून बघितली. त्यानं ते सुजलेलं बोट रंगवलेलं सुजलेलं बोट दिसायला लागलं.

“लांबनं घेतो,” ज्ञानूदादा म्हणाले. “बसवा बोटांना.”

बसवण्याची तऱ्हा अशी. नटाचा चेहरा आणि बोटं एकाच चित्रात दिसावीत, म्हणजे प्रेक्षकाला वाटावं की हा खराच वाजवतोय, ही ज्ञानूदादांची जिद्द. त्यासाठी चंद्रहास पुढे बसले, त्यांचे स्वतःचे हात मागे बांधले. मी त्यांच्या पाठीला चिकटून बसलो आणि त्यांच्या झब्ब्याच्या बाह्यांतून माझे हात पुढे काढले. वरून एक मोठी शाल. माझं तोंड चंद्रहासांच्या दोन खांद्यांच्या मध्ये. त्यांनी अत्तर लावलं होतं आणि सकाळी लसणाची चटणी खाल्ली होती. दोन्ही गोष्टी मला सारख्याच कळत होत्या. पेटी दिसत नव्हती. बुवांची जुनी तबकडी लावायची आणि तिच्याबरोबर मी आंधळ्यासारखं वाजवायचं. चंद्रहासांनी मान डोलवायची. त्यांची मान एका तालात आणि माझी बोटं दुसऱ्या तालात, त्यामुळे एक माणूस स्वतःशीच भांडतोय असं दिसत होतं, असं मला नंतर सरोजिनीनं सांगितलं.

ती, तात्यासो आणि त्रिशलावहिनी शूटिंग बघायला आली होती. शालीच्या आत मला तात्यासोंचा आवाज आला.

“जेरे कुटं दिसंनात?”

“मागे आहेत,” सरोजिनी म्हणाली.

“मागं काय करायल्यात?”

“काम.”

त्याच दिवशी माई येणार होत्या. माई म्हणजे बुवांच्या पत्नी. वय सत्तरीच्या घरात, राहायला कोडोलीत, धाकट्या मुलाकडे. सिनेमा काढायला त्यांनी तोंडी होकार दिला होता, पण कागदावर अंगठा उमटवला नव्हता. त्या म्हणाल्या होत्या, आधी बघीन, मग देईन. त्यांनी नाही म्हटलं असतं तर सगळा खेळ तिथंच आटपला असता. त्यामुळे त्यांची गाडी फाटकात आल्यावर ज्ञानूदादांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या.

माईंना समोर खुर्ची ठेवली होती. त्या म्हणाल्या, “हितं नको. त्येंच्या उजव्या अंगाला बसते.”

ज्ञानूदादांना ते खटकलं. बुवा मैफलीत आपल्या उजव्या बाजूला कोणालाही बसू देत नसत, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. ती जागा त्यांच्या गुरूंची, गुरू अदृश्य रूपात तिथं येऊन बसतात, अशी कथा होती. सिनेमात त्यावर एक अख्खा प्रसंग लिहिला होता आणि गुरूंच्या अदृश्य रूपासाठी धूर करायचं यंत्र मागवलं होतं. पण माईंना कोण अडवणार. त्या उजवीकडे बसल्या.

तबकडी लागली. मी वाजवायला लागलो. चार बोटं पळत होती आणि ते सुजलेलं बोट वर ताठ, कुठल्याच स्वराला न लागता बरोबर हिंडत होतं. एक कडवं झालं असेल, तेवढ्यात माईंचा आवाज आला.

“थांबवा ते.”

तबकडी थांबली. मी मनात म्हटलं, संपलं. गांधीलमाशीनं सिनेमा बंद पाडला.

“ह्यो हात कुनाचा हाय?” माईंनी विचारलं.

चंद्रहास म्हणाले, “माझाच, माई.”

“तुजा न्हाई. तुज्या मागं कोन हाय त्येला भाईर काढा.”

मला बाहेर काढलं. शाल, झब्बा, बाह्या यांतून सुटायला वेळ लागला. माईंनी माझा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि ते सुजलेलं बोट दोन बोटांत धरलं. मी सांगायला लागलो की, कागलला गेलो होतो, गांधीलमाशी चावली. त्या ऐकतच नव्हत्या.

“अस्संच,” त्या म्हणाल्या. “अस्संच उबं ऱ्हायाचं.”

मग त्यांनी सांगितलं. बुवांचं ते बोट लग्नाच्या आदल्या वर्षी चरकात ऊस घालताना सापडलं होतं. तुटलं नाही, पण आतून मेलं. वाकायचं नाही, दाबायचं नाही. बुवा जन्मभर उजव्या हाताच्या चारच बोटांनी वाजवत आले. लोकांनी लुळं म्हणू नये म्हणून उजवीकडे कोणाला बसू दिलं नाही, शिष्यांनाही समोर बसवून शिकवलं, फोटो काढताना हात शालीत घेतला.

“आनि गुरू?” ज्ञानूदादांनी विचारलं. “अदृश्य रूपातलं?”

“गुरू मिरजेला राहायचं. त्येस्नी कुटं यवढा येळ हुता.”

धुराच्या यंत्राचा माणूस आपलं यंत्र पुसत होता, तो थांबला.

ज्ञानूदादा हळू आवाजात म्हणाले, “माई, हे दाखवू का सिनेमात? तुमी न्हाई म्हटला तर न्हाई दाखवत.”

माईंनी माझा हात सोडला नव्हता. त्या म्हणाल्या, “चाळीस वरसं झाकून झाकून दमलं हुतं ते. दाखवा आता.”

आणि त्यांनी कागद मागवून अंगठा दिला.

शेवटची मोठी मैफल आठ दिवसांनी घ्यायची ठरली. ज्ञानूदादांनी मला बजावलं, बोट असंच ठेवा. ते असं म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी सूज उतरली. बोट हवं तसं वाकायला लागलं. जे बोट बरं व्हावं म्हणून सरोजिनीनं देवाला साखर ठेवली होती, त्या बोटाकडे मी आता हताश होऊन बघत होतो. ताठ ठेवायला गेलो की सुरावर ते आपोआप पडायचं. वीस वर्षांची सवय.

तात्यासो म्हणाले, “परत कागलला जाऊ या. माश्या हाईत अजून.”

सरोजिनीनं ते होऊ दिलं नाही. मग तात्यासोंनीच दुसरा तोडगा काढला. बांबूची एक बारीक कामटी बोटाला बांधायची, दिवसरात्र, म्हणजे बोट वाकणं विसरेल. मी कामटी बांधली आणि त्या बोटासकट कचेरीत गेलो.

मराठी टाइपरायटरवर उजव्या हाताच्या त्या बोटाखाली ‘स’ हे अक्षर येतं. मराठी भाषेत आणि त्यातून सरकारी मराठीत ‘स’ किती लागतो, याची कल्पना मला त्या आठवड्यात आली. माझी बोटं विचार न करता चालतात. ‘स’ची पाळी आली की ते बोट हवेत राहायचं आणि बाकीची पुढे जायची. ‘सरकार’चं ‘रकार’ झालं. ‘सविनय’ लिहायचो तिथं नुसता ‘विनय’ उरला. मी तपासून दुरुस्त करत होतो, पण एक पत्र हातून सुटलं. ‘सदर प्रकरण सचिव समितीसमोर ठेवतील’ असं ते वाक्य होतं. पुण्याला पोचलं ते ‘दर प्रकरण चिव मितीमोर ठेवतील’ असं.

पुण्याहून उलट टपाली विचारणा आली की, मितीमोर म्हणजे कोणता मोर, तो शासकीय मालकीचा आहे काय, आणि त्याच्यापुढे प्रकरण ठेवण्याचा अधिकार कोणी दिला.

सयाजीरावांनी मला बोलावलं. त्यांनी पत्र बघितलं, मग कामटी बघितली. मी सगळी हकीकत सांगितली. बुवांचं बोट, चरक, माई. मला वाटलं, आता मेमो. पण सयाजीरावांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, “त्येंची ती जोगियाची तबकडी... ती पन चार बोटांचीच?”

“चार बोटांचीच.”

“आमच्या वडलांना शेवटी तेवढीच ऐकू येत हुती.” त्यांनी ते पत्र फाइलमध्ये सगळ्यांत खाली घातलं. “मोराचं मी बगतो. तुमी कामटी सोडू नका.”

मैफलीच्या दिवशी सेट मोठा होता. शंभरेक माणसं श्रोते म्हणून बसवली होती. माई कोडोलीहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या आणि न सांगता उजवीकडे जाऊन बसल्या होत्या. मी कामटी सोडली, बोट ताठ होतं, बाह्यांत हात घातले. सगळं जमलं होतं, आणि तेवढ्यात चंद्रहास म्हणाले, “ज्ञानूदादा, ते बोट मला पसंत नाही.”

त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्यांचे प्रेक्षक त्यांना नायक म्हणून बघायला येतात. बोट लुळं दिसलं तर लोकांना वाटेल, चंद्रहासला काहीतरी झालंय. पुढचे दोन सिनेमे हातचे जातील. “एवढ्या मोठ्या मैफलीत पाचही बोटं नीट चालू देत. कोण बघायला गेलंय?”

ज्ञानूदादांनी समजावलं, विनवलं. चंद्रहास उठायला निघाले, पण त्यांच्या बाह्यांत माझे हात असल्यामुळे त्यांना उठता आलं नाही. शेवटी ज्ञानूदादा माझ्या कानाशी आले. त्या काळी कच्ची फिल्म मोजून मिळायची, आणि त्यांच्याकडे एकच रीळ उरलं होतं. “जेरे,” ते म्हणाले, “हिरोचं ऐकाय लागतंय. वाकवा बोट.”

शालीच्या फटीतून मला माईंचा पदर दिसत होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मांडीवरचा उजवा हात त्यांनी डाव्या हातानं झाकला, एवढंच.

तबकडी लागली. कॅमेरा सुरू झाला. मी वाजवायला लागलो, आणि बोट वाकवलं नाही.

सोळा वर्षांच्या नोकरीत मी वरिष्ठांचं ऐकलं नाही असा हा एकच प्रसंग. चंद्रहास चेहऱ्यावर तल्लीन भाव ठेवून ओठ न हलवता म्हणत होते, “बोट वाकवा. जेरे, बोट.” आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली होती. मी त्यांच्या पाठीत तोंड खुपसून वाजवत राहिलो. ते थांबू शकत नव्हते, कारण एकच रीळ होतं. हात ओढून घेऊ शकत नव्हते, कारण हात माझे होते. रागानं त्यांची मान जोरात हलायला लागली आणि त्या दिवशी प्रथमच ती तालात आली.

रीळ संपलं. ज्ञानूदादा ‘कट’ म्हणाले. चंद्रहास बाह्या सोडवून तडक निघून गेले. मी शालीतून बाहेर आलो, तर तात्यासो समोरच उभे होते. ते म्हणाले, “जेरे, आता रामराम घातला तर चालतंय न्हवं?” आणि त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले.

सिनेमा दिवाळीत लागला. दुपारच्या खेळाला आमची सगळी गल्ली गेली. माईंना ज्ञानूदादांनी मुद्दाम बोलावलं होतं. शेवटच्या मैफलीत ते ताठ बोट पडद्यावर हातभर मोठं दिसलं, तेव्हा तात्यासो खुर्चीवरून उठून सगळ्या थेटरला सांगायला लागले, “ते आमच्या जेऱ्यांचं हाय.” मागच्यांनी त्यांना खाली बसवलं. पाट्यांमध्ये माझं नाव कुठंही नव्हतं. ‘आभार’ या सदरात धुराच्या यंत्रवाल्याचं होतं.

वर्तमानपत्रांनी सिनेमाची स्तुती केली. एकानं लिहिलं की, चंद्रहास यांनी भूमिकेचा इतका सूक्ष्म अभ्यास केला आहे की, बुवांचं एक बोट अधू होतं हा कोणालाही ठाऊक नसलेला तपशीलही त्यांनी जिवंत उभा केला. त्यांना त्याबद्दल पुण्यात शाल मिळाली. मुलाखतीत त्यांनी सांगितलं की, त्या बोटासाठी त्यांनी सहा महिने सराव केला. सरोजिनीनं ते कात्रण कापून ठेवलं आणि म्हणाली, “आठ दिवसांचे सहा महिने. याला चक्रवाढ म्हणतात.”

पुण्याच्या मुख्य कचेरीची परवानगी नोव्हेंबरात आली. टंकलेखनासाठी वापरली जाणारी बोटे वगळून उर्वरित बोटांनी काम करण्यास हरकत नसावी, असा आदेश होता. सयाजीरावांनी तो मला वाचून दाखवला आणि आम्ही दोघंही हसलो नाही. कचेरीत आदेशाला हसत नाहीत.

पण त्या खेळानंतरचं एक सांगायचं राहिलं. थेटरातून बाहेर पडल्यावर मी आणि सरोजिनी माईंना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. कोडोलीची गाडी लागायला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. सिनेमा कसा वाटला, ते माई काही बोलल्या नाहीत. चंद्रहासांबद्दल नाही, मैफलीबद्दल नाही. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

“बोट दुकतंय का रं बाबा अजून?”

“नाही माई. कधीच बरं झालं.”

“त्येंचंबी दुकत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मेल्यालं बोट, दुकनार कुटलं. पन मी रोज इचारायची. इचारल्यालं त्येस्नी आवडायचं.”

सरोजिनीनं माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला.

“तसं जरा दुखतं, माई,” मी म्हटलं. “इथं, पेराजवळ.”

माईंनी हात मांडीवर घेतला, आणि कोडोलीची गाडी लागेपर्यंत त्या ते बोट चोळत बसल्या.